एका गोळीत दोन

१

दसऱ्याच्या दुपारी मुंजाजी हवालदारानं एकच गोळी झाडली आणि नाल्यापलीकडच्या बांधावर टांगलेला नारळ खाली येऊन फुटला. माळावर टाळ्या पडल्या. हलगी कडाडली. टाळ्या ओसरल्या तेव्हा पलीकडून हवालदाराच्या पोराची, योगीराजची बोंब ऐकू आली. नारळाच्या खांबापासून चार-पाच हातांवर, कापसाच्या ओळीत, एक माणूस छातीत गोळी लागून पडला होता.

माणूस म्हणजे भागवत. हवालदाराचा सख्खा धाकटा भाऊ.

गोळी एक, आवाज एक. नारळ फुटलेला आणि भाऊ मेलेला.

आजवर मी या गावाला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्यांत वाघ होते, बोलणारी घोरपड होती, जिंतूरच्या यष्टीखाली सापडून उठून बसलेला रेडा होता. ही गोष्ट खरी आहे. म्हणून हिच्यात मजा कमी आहे.

आमचं कोळझरी जिंतूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. गावाला देऊळ लहान, शाळा लहान, पण दसरा मोठा. शस्त्रपूजेला गावातली हत्यारं माळावर मांडायची: विळे, कुऱ्हाडी, दोन गंजक्या तलवारी आणि परवान्याच्या दोन बंदुका. एक पंडित मंडपवाल्याची, एक मुंजाजी हवालदाराची. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. मग हवालदार आपली तीनशे पंधराची रायफल उचलायचा. फौजेतून आल्यावर रानडुकरांसाठी घेतलेली ती बंदूक. नाल्यापलीकडं, भागवतच्या बांधावर, खांबाला नारळ टांगलेला असायचा. अंतर चारशे मीटर. हवालदार उभ्यानं नेम धरायचा आणि पहिल्या गोळीला नारळ पाडायचा. दरवर्षी. सुरवातीच्या सालांत बऱ्याच गोळ्या जायच्या, एका साली तर पडलाच नव्हता, पण ते गाव कधीच विसरलं होतं. मग नारळाच्या दोन्ही कवड्या, म्हणजे फुटून झालेले दोन अर्धे, बारीक करून सगळ्या गावाला प्रसाद.

त्या खांबापायीच भावाभावांत वितुष्ट आलं होतं. भागवत म्हणायचा, माझ्या बांधावर तुझी मिजास कशाला. हवालदार म्हणायचा, बांध वडलांचा. पुढं बोलणंच बंद झालं. एकमेकांच्या घरची लग्नं झाली, मरणं झाली, कुणी कुणाकडं गेलं नाही. पण खांब तिथंच राहिला.

त्यामुळं गावानं रात्र व्हायच्या आत निकाल लावून टाकला.

"नारळाला गोळी लावली अन् तीच वळवून भावाच्या छातीत घातली," पंडित म्हणाला. "एका गोळीत दोन. दुसऱ्या कुणाचं काम न्हाई हे."

आणि सांगायला वाईट वाटतं, पण हे म्हणताना त्याच्या आवाजात कौतुक होतं.

२

तपासाला फौजदारीण आली. सुकेशनी खंदारे. वय पस्तिशीच्या आत, बोलणं कमी, चालणं भरभर. तिनं माझी ओसरी पाहिली, सावली पाहिली आणि तिथंच खुर्ची टाकली.

"तात्या, तुम्हाला पंच म्हणून घेतलंय," ती म्हणाली. "पण लोक म्हणतात तुम्ही खोटं बोलता."

"गोष्टीत, मॅडम. पंचनाम्यात न्हाई."

"बघू."

हवालदाराला आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ सरळ. मिशीला तेल. शिपायानं त्याला स्टूल दिलं. बाहेर जमलेली माणसं उठून उभी राहिली. खून केलेल्या माणसासाठी गाव उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पंडितच्या घरून त्याच्यासाठी चहासुद्धा आला, कपबशीत.

"काका, काय झालं सांगा," सुकेशनी म्हणाली.

"सांगायचं काय? मी मारला."

"भागवत तुम्हाला दिसले होते?"

"न्हाई."

"मग मारलं कसं?"

हवालदारानं स्टुलावर पाठ आणखी सरळ केली. मग म्हणाला, "माझी गोळी चुकत न्हाई, बाई. ती भागवतला लागली. म्हंजी मला ती भागवतला लावायची व्हती. वरून नारळावर नेम धरला असंल, आत मनात तो असंल. बंदूक मनातलं वळखती."

"आणि नारळ?"

"तो बी मीच पाडला."

"एकाच गोळीनं?"

"तुमी गावात कुणालाबी इचारा," हवालदार म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला. "मी चुकलो असं कुणी सांगितलं का?"

सुकेशनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. कुणीच सांगितलं नव्हतं.

"काका, नीट ऐका. तुम्ही म्हणाल की नारळावर मारताना गोळी भरकटली, भाऊ तिथं आहे हे माहीत नव्हतं, तर गुन्हा वेगळा होतो. तुम्ही म्हणाल की ठरवून मारलं, तर तो खून. जन्मठेप. समजतंय?"

"समजतंय."

"मग?"

"भरकटली म्हणून मी सांगू?" हवालदार उठून उभा राहिला. "हवालदार चुकला असं माझ्या तोंडानं सांगू? लिहा खून. सही कुठं करायची?"

सुकेशनीनं कागद पुढं केला नाही. पेन झाकण लावून खिशात टाकलं.

"उद्या," ती म्हणाली. "आधी मला तो नारळ दाखवा."

३

नारळ योगीराजकडं होता. योगीराज हा हवालदाराचा एकुलता मुलगा. जिंतूरला सूतगिरणीत होता, आता शेतीच बघतो. दरवर्षी नारळ टांगायचा तोच, आणि लाल फडकं घेऊन पलीकडच्या विहिरीच्या कठड्याआड उभा राहायचाही तोच. बंदूक रिकामी झाल्याशिवाय नाला ओलांडायचा नाही, ही हवालदाराची शिस्त. त्यामुळं खांबापाशी पहिला पोचायचा योगीराज. बाकीची पोरं मागून.

त्यानं दोन कवड्या पुढं केल्या. अर्ध्यात फुटलेल्या, एकीच्या कडेला ठेचल्याची खूण. प्रसाद कुणी खाल्लाच नव्हता या वर्षी.

सुकेशनीनं त्या उन्हात धरल्या, उलट्या केल्या, वास घेतला.

"तात्या, रानडुकराला हीच गोळी लागली तर काय होतं?"

"आतडी भाईर."

"नारळाला लागली तर?"

हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं. शेकडो माणसांनी दरवर्षी या कवड्या हातात घेतल्या होत्या. ओल्या, पांढऱ्याशुभ्र, नीट दोन. देवापुढं दगडावर आपटून फोडावा तशा.

"भुगा होईल," ती म्हणाली. "करवंटीचे तुकडे कापसात शोधावे लागतील. या नारळाला गोळी शिवलीसुद्धा नाही."

आम्ही नाला ओलांडून बांधावर गेलो. यंदाच्या पावसानं नाला अजून वाहत होता. सागाचा जुना खांब, वर आडवी पट्टी, पट्टीला लोखंडी कडी. खांबाच्या पायथ्याशी चुन्यानं रंगवलेला गोटा. नारळ पडायचा तो त्याच्यावर. सुकेशनी खांबाला मिठी घालून वर चढली, कडीवरून बोट फिरवलं आणि खाली उतरली.

भागवत पडला होता तिथं जमीन काळी झाली होती. शेजारी कापसाच्या झाडाखाली घडी घातलेलं गोणपाट. बसायला टाकावं तसं. आणि त्यापासून दोन पावलांवर, बांधाच्या पोटात, एक खड्डा. कमरेएवढा खोल. काठोकाठ पाण्यानं भरलेला.

"हा खड्डा कशाचा?"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "जुना हाय. डुकरासाठी कुणी खणला असंल."

ती वाकली. पाण्याच्या वर खड्ड्याची कड दिसत होती. तिथं माती गुळगुळीत झाली होती, पाठ टेकून टेकून होते तशी. कडेला एक कोनाडा कोरलेला. त्यात भिजलेली तंबाखूची डबी.

"डुकरं तंबाखू खातात का हो तात्या, तुमच्याकडं?"

मग ती माळाकडं वळून उभी राहिली. माळ लांब दिसत होता. हवालदार उभा राहतो ते आंब्याचं झाड नखाएवढं.

"मी राज्यासाठी खेळले आहे," ती म्हणाली. स्वतःशी बोलल्यासारखी. "तीनशे मीटर. पोटावर झोपून, जाडं जाकीट घालून, हाताला पट्टा आवळून, भिंगाचा नेम, एकेक काडतूस निवडून घेतलेलं. तरी माझ्या दहा गोळ्या भाकरीएवढ्या जागेत बसल्या तर त्या दिवशी आई गोड करायची. तात्या, चांगली बंदूकसुद्धा एका ठिपक्यावर मारत नाही. एका घोळक्यात मारते. शंभर मीटरवर वाटी. चारशेवर परात. तीसुद्धा शिकारीच्या काडतुसानं आणि उघड्या नेमानं नाही बसत. डोळे पिकलेले, माणूस उभा, वर वारा. मग परात नाही, दार म्हणा."

"पण मॅडम, ते हवालदार हायत."

"वारा हवालदाराला सॅल्यूट करत नाही."

"मग दरवर्षी नारळ पडतो तो?"

सुकेशनीनं खड्ड्यातल्या पाण्यात एक ढेकूळ टाकलं.

"तोच प्रश्न आहे," ती म्हणाली. "भागवतला कुणी मारलं हा नाही. नारळ कुणी पाडला?"

४

भागवतच्या घरी पार्वतीबाई भिंतीला टेकून बसली होती. भागवतची बायको. रडून झालेलं होतं. आता नुसता राग उरला होता.

"त्या थोरल्याला फाशी द्या," ती म्हणाली. "दुसरं काय इचारायचं न्हाई मला."

"एकच विचारते, मावशी. ते त्या दुपारी बांधावर कशाला गेले होते?"

"दरसाली जात्यात. दसऱ्याला पुरणपोळी खाल्ली की उठायचे. बांधावर जाऊन येतो. मी म्हणायची, आज कशाला, आज तिकडं तुमच्या भावाची टाळी वाजायलीय. तर म्हणायचे, तिकडं तोंड करून बसणार हाय का मी? दोन घटकांनी माघारी यायचे. कपड्यांची पाठ मातीनं भरल्याली."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. मला वाटायचं, टाळ्या ऐकवत न्हाईत माणसाला, म्हणून रानात जातो." तिनं पदर तोंडाला लावला. "टाळ्या वाजायच्या त्या दिवशी हसऱ्या तोंडानं यायचे, येवढंच कळायचं न्हाई."

सुकेशनी तिच्याजवळ सरकली. मग हळूच विचारलं, "मयताचे हात तुम्ही धुतले?"

"मीच. उजव्या हाताला बोटावर वळ व्हता. दोरीचा काचल्यावानी. नांगराचा असंल."

"ते नांगर धरायचे का?"

पार्वतीबाईनं तिच्याकडं पाहिलं. "ट्रॅक्टर आल्यापून न्हाई."

तिथून आम्ही योगीराजकडं गेलो. तो गोठ्यात उभा होता, काहीच न करता, कमरेच्या पिशवीवर हात ठेवून. सुकेशनीनं त्याला बैलाच्या आडून विचारलं.

"तुम्ही पहिले पोचलात. काय दिसलं?"

"काका पडल्याले."

"आणि नारळ?"

"तोबी पडल्याला."

"माळावरून पोरं आली तेव्हा तुमच्या दोन्ही हातांत दोन कवड्या होत्या. तात्या सांगतात, मी पाहिलं." पोरांच्या मागोमाग मीही नाला ओलांडला होता, पाहिलं होतंच. "चुलता मरून पडलाय आणि तुम्ही आधी नारळ गोळा केला?"

योगीराज बैलाचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला.

"आमचं बोलणं न्हवतं त्यांच्यासंगं," तो म्हणाला.

"बोलणं नव्हतं म्हणून प्रेत ओलांडून नारळ उचलला?"

"मॅडम, दादांनी, माझ्या बापानं, कबूल केलंय ना? लिहा की मग! सगळं गाव म्हणायलंय त्यांनी मारला. एका गोळीत. तेच लिहा."

मी योगीराजला पाळण्यापासून ओळखतो. बाप जन्मठेपेला जातोय आणि पोरगा म्हणतोय, लिहा. मला वाटलं, सापडला. बांधही याला हवा, बापाचं घरही याला हवं. वाटेनं मी सुकेशनीला तसं सांगितलं.

ती थांबली. "त्याच्याकडं बंदूक होती?"

"न्हाई."

"पंडितची?"

"माळावर. झेंडूच्या माळंत. मी तिच्या शेजारी बसलो व्हतो."

"मग मारणारा योगीराज नाही, तात्या. तो लपवणारा आहे. आणि काय लपवलंय ते मला कळलंय. पण ते मी सांगून उपयोग नाही. गावाला डोळ्यांनी बघू दे. आणि काकांना."

५

परवानगी कशी काढली ते मला विचारू नका. वर कुणाकुणाला फोन गेले म्हणतात. चार दिवसांनी तिसऱ्या प्रहरी सगळं गाव माळावर होतं. हलगी नव्हती. वारा होता, दसऱ्याला होता तसाच, मावळतीकडून नाल्याच्या अंगानं वाहणारा. बांधावर खांब, खांबाला नारळ. नारळ शिपायानं टांगला होता. नारळाच्या मागं, खांबाच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत, पंडितच्या गोदामातला लग्नाच्या मंडपाचा पांढरा पडदा ताणून बांधला होता. भागवतचं गोणपाट होतं त्या जागेसमोर पडद्यावर कुंकवाचा टिळा. बांधावर चिटपाखरू नव्हतं. योगीराजला सुकेशनीनं आपल्या शेजारी उभं केलं होतं.

मुंजाजी हवालदारानं अंघोळ केली होती. फेटा बांधला होता. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता.

"काका," सुकेशनी म्हणाली, "तुमची बंदूक, तुमची काडतुसं, तुमची जागा. नारळ पाडलात तर तुम्ही म्हणाल ते मी लिहिते. ठरवून खून."

"लिहायला घ्या," हवालदार म्हणाला.

शिपाई दोन्ही बाजूंना. हवालदारानं बंदूक गालाला लावली. श्वास सोडला. तसा श्वास सोडलेला मी वर्षानुवर्षं बघत आलोय, त्यात काही खोट नव्हती. माणूस खरा नेमबाज होता. ते आधी सांगून ठेवतो.

बार झाला.

नारळ हलला नाही.

कुणी खोकलं. हवालदारानं बोल्ट ओढला, टरफल खाली पडलं. "वारा," तो म्हणाला. पुन्हा नेम. बार. पडद्याच्या खालच्या अंगाला माती उडाली. पुन्हा. पुन्हा. नारळ वाऱ्यानं डुलत होता, जणू तो कुणा दुसऱ्याच्या गोष्टीतला होता.

"अजून," हवालदार म्हणाला.

सुकेशनीनं काडतुसांची डबी त्याच्यापुढं ठेवली. "सगळी आहेत."

त्यानं भरली. मारली. मग गुडघ्यावर बसला, कोपर टेकवलं. मारली. त्याच्या मिशीवरून घाम गळत होता. खुनी ठरण्यासाठी एवढा जीव काढणारा माणूस मी पाहिला नाही. मागं पोरंसोरं हसायला लागली होती. पंडित म्हणाला, "हवालदार, जरा उजवीकडं!" आणि त्यावर मोठी माणसंसुद्धा हसली. हेच लोक चार दिवसांपूर्वी त्याच्यासाठी उभे राहिले होते.

डबी संपली.

शिपायानं पडदा सोडून आणला आणि माळावर अंथरला. ज्वारीची मूठ फेकावी तशी भोकं. खांबाच्या डावीकडं थोडी, बाकी उजवीकडं, वाऱ्यानं ढकललेली. मधे नारळाच्या जागी कोरा पांढरा कपडा. आणि एक भोक, एकच, कुंकवाच्या टिळ्याच्या आत.

हवालदार त्या भोकाकडं बघत राहिला.

"हे बघा, काका," सुकेशनी हळू बोलली. "हा तुमचा दोष नाही. या बंदुकीनं, या अंतरावर, या वयात जगातला कोणताही माणूस याहून फार चांगलं मारणार नाही. बंदुकीला मनातलं कळत नाही. तिला एवढा पडदा कळतो. भाऊ त्या पडद्यात बसला होता."

"मग नारळ?" हवालदाराचा आवाज फाटला. "दसऱ्याला नारळ पडला तो? गेल्या साली? त्याच्या आदल्या साली?"

सुकेशनीनं योगीराजकडं पाहिलं.

"तुम्ही सांगता," ती म्हणाली, "की मी तुमच्या कमरेची पिशवी उघडायला लावू?"

६

योगीराजनं पिशवी स्वतःच उघडली. आतून पारवा नायलॉनचा दोरा काढला. बारीक, मासे धरतात तसला, मूठभर गुंडाळलेला. मधे थोडा काळा पडलेला. रक्त वाळलं की काळं होतं.

"भागवतकाका धरायचे," तो म्हणाला. मान वर न करता. "नारळ ह्याच्यावर टांगायचा. कडीतून घेऊन खांबामागनं खड्ड्यापतुर. बार झाला की काका सोडायचे. नारळ गोट्यावर पडायचा. मी पळत येऊन दोरा काढायचो, पोरं यायच्या आत."

कडीवरची ती घासलेली खाच सुकेशनीला पहिल्याच दिवशी दिसली होती. आता तिनं ते सांगितलंही नाही.

"कवापासून?" हवालदारानं विचारलं.

"तुमी एका साली पाडला न्हाई तवापासून. लय गोळ्या गेल्या त्या साली. घरी येऊन तुमी बंदूक हनुवटीखाली धरून बसला व्हता, आईनं वढून घेतली. आठवतंय?" योगीराजला रडू आलं. "ते काकाला कळलं. मला गाठून म्हणाले, भावासंगं मी बोलत न्हाई. पण पुढल्या साली नारळ मी पाडतो. त्याला सांगायचं न्हाई. यंदा खड्ड्यात पाणी व्हतं. मी म्हणालो, काका, र्‍हाऊ द्या. तर म्हणाले, दादा नारळावर मारतोय, मी बाजूला बसतो की. दादाची गोळी कुठं चुकती?"

वारा तेवढा पडद्याखाली शिरून तो उचलत होता.

म्हणजे गोळी आली, भागवतला लागली, मूठ सुटली, नारळ पडला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. एका गोळीत दोन. हिशेब एवढाच होता. साऱ्या गावात हवालदाराच्या नेमावर खरा विश्वास ठेवणारी माणसं दोन. एक हवालदार. दुसरा, ज्यानं दरवर्षी स्वतःच्या हातानं तो खोटा पाडला, तो.

"दोरा का लपवला?" सुकेशनीनं विचारलं. "हा दाखवला असता तर त्याच दिवशी बाप सुटला असता."

"सुटला असता," योगीराज म्हणाला. "पण मग सगळ्यांना कळलं असतं. दादा जेलात गेले तर हवालदार म्हणून जातील, असं वाटलं."

बायकांमधून पार्वतीबाई पुढं आली. डोक्यावर पदर होता. थोरल्या दिराकडं ती बघत नाही. तिनं दोऱ्याकडं बघितलं.

"तुमची अब्रू धरून बसला व्हता माझा माणूस," ती म्हणाली. "अन् तुमी मनातनं मारला म्हणता. मनात तरी कधी व्हता का तो तुमच्या?"

हवालदारानं हात पुढं केला. तिला वाटलं पाया पडतो की काय, ती मागं सरली. पण त्याला दोरा हवा होता. सुकेशनीनं दिला नाही. पुरावा होता तो.

खून कागदावरून उडाला. हयगयीनं मरण, एवढं राहिलं. बंदूक आणि परवाना गेला, जामीन झाला. सुकेशनीची बदली झाली, तिनं जाताना माझ्या ओसरीवर चहा घेतला आणि म्हणाली, "तात्या, ही गोष्ट सांगाल तेव्हा वाघ घालू नका."

गावानं मात्र हवालदाराला माफ केलं नाही. खुनी होता तेव्हा त्याला कपबशीत चहा होता. आता खुनी नाही असं निघालं तर पोरं त्याच्यामागून ओरडतात, "परात! परात हवालदार!" मोठी माणसं पोरांना हटकत नाहीत. इतकी वर्षं आपण दगडावर फुटलेल्या नारळाला टाळ्या वाजवल्या, त्याचा राग कुणावर तरी काढायचा असतो.

त्यानंतरच्या दसऱ्याला माळावर हत्यारं मांडली, झेंडू वाहिला, हलगीवाला आला नाही. दुपारी माझं लक्ष सहज नाल्यापलीकडं गेलं. खांबाला नारळ होता.

आंब्याखाली कुणी नव्हतं. बंदूक नव्हती. मी उभा राहिलो. बार झालाच नाही, आणि नारळ खाली आला.

थोड्या वेळानं बांधाच्या पोटातून मुंजाजी वर आला. त्या साली खड्डा कोरडा होता. त्याच्या सदऱ्याची पाठ मातीनं भरली होती. दोन कवड्या घेऊन तो नाला ओलांडून भागवतच्या दारात गेला, एक कवड उंबऱ्यावर ठेवली आणि उभा राहिला.

दार आतून लागलेलं होतं. आत पार्वतीबाईच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ती भांडी घासत होती. तो आवाज थांबला नाही.

मुंजाजी अंधार पडेपर्यंत तिथं होता. सकाळी मी गेलो तेव्हा कवड उंबऱ्यावरच होती, आणि तिच्यातलं खोबरं कोंबड्या टोचून खात होत्या.